कणगी रिकामी कशी होते

गणपतीत दोन्ही भाचे घरी आले होते. एक पुण्याला शिकतो, दुसरा पनवेलला नोकरीला आहे. रात्रीची आरती झाली, पानं उठली आणि ओटीवर दोघांची जुंपली. "कम्युनिझमने दहा कोटी माणसं मारली," पुण्याचा म्हणाला. "आणि साम्राज्यांनी? भांडवलशाहीने? त्यांची कोण मोजणार?" दुसरा. दोघांच्या हातात मोबाइल, दोघांकडे आकड्यांची रास. अर्धा तास ते एकमेकांच्या अंगावर प्रेतं फेकत होते, आणि ही माणसं मेली कशी हे मात्र दोघांपैकी एकालाही सांगता येईना. मी विचारलं तेव्हा दोघे गप्प झाले. मग म्हणाले, "आत्या, तूच लिही की."

म्हणून हे लिहिते आहे. पुस्तकातल्या एखाद्या वाक्यापासून घरातल्या रिकाम्या कणगीपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात. त्या एकेक करून पाहिल्या नाहीत तर आकडे नुसतेच भांडायला उरतात.

आमच्या घरात हा विषय परका नाही. आजोबा चरीच्या संपातले. बाबा जन्मभर लाल बावट्याचे. देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लेनिनचा फोटो होता आणि आजी दोन्हीकडे उदबत्ती ओवाळायची. तेव्हा सुरुवात चरीपासूनच करते.

अलिबाग तालुक्यातलं हे गाव. कोकणात तेव्हा खोती होती. खोत म्हणजे मुळात सरकारचा सारा गोळा करून देणारा माणूस, पण पिढ्या सरल्या तसा तो गावाचा धनी झाला. जमीन कसायची कुळाने, आणि भात झोडलं की निम्मं, कधी त्याहून जास्त, जायचं खोताच्या घरी. वर वेठ वेगळी. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीत सभा भरली, पुढारी होते नारायण नागू पाटील. ठरलं ते असं की जमीन कसायचीच नाही. आसपासची पंचवीस गावं त्यात उतरली आणि हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे शेतं ओस पडली.

सहा वर्षं माणसं जगली कशावर? आजी सांगायची: रानातल्या मोळ्या, करवंदं, आणि खाडी. निवटे, चिंबोऱ्या, कालवं. ओहोटीला बायका चिखलात उतरायच्या आणि संध्याकाळच्या कालवणाची सोय व्हायची. उपास घडले, कर्ज झालं, कोणी मुंबईला गोदीत गेला. पण मोळी विकायला अलिबागचा बाजार उघडा होता आणि मुंबईचा रस्ताही मोकळा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मागणी साधी होती: कसेल त्याची जमीन. याच मागणीवर रशियात १९१७ साली क्रांती उभी राहिली आणि जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांनी वाटून घेतल्या. पुढे काय झालं ते पाहायचं तर १९२९ सालात यावं लागतं.

स्टालिनच्या सरकारला झपाट्याने कारखाने उभारायचे होते. त्यासाठी परदेशी यंत्रं हवीत, यंत्रांसाठी विकायला धान्य हवं, आणि धान्य तर लाखो छोट्या शेतकऱ्यांच्या कोठारांत. शेतकरी चांगला भाव मिळेपर्यंत ते काढीना. इथे विचारसरणी मदतीला आली. स्वतःची जमीन असलेला शेतकरी म्हणजे भांडवलदाराचं रोपटं, तो आज ना उद्या क्रांतीला आडवा येणार, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून जमिनी, गुरं, अवजारं सगळं सामूहिक शेतीत घालायचं ठरलं. जो अडवेल तो 'कुलक'.

कुलक म्हणजे सधन शेतकरी. पण किती सधन? दोन गाई असलेला? घरावर पत्रे असलेला? कापणीला दोन मजूर लावणारा? मोजमाप कधी पक्कं ठरलंच नाही, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ मला तिथे दिसतं. आमच्या आजोबांना कूळकायद्याने दोन एकर जमीन मिळाली, बैलजोडी आली, लावणीला चार बाया लागायच्या. युक्रेनमध्ये ते १९२० साली गरीब कूळ म्हणून मिरवणुकीत पुढे असते आणि दहा वर्षांनी कुलक म्हणून मालगाडीत. माणूस तोच. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत सुमारे अठरा लाख माणसं, बायकामुलांसकट, सायबेरिया, उरल आणि कझाकस्तानच्या ओसाड भागात नेऊन टाकली गेली.

मागे राहिलेल्यांवर धान्याचा कोटा बसला. शेतीची घडी मोडलेली, सामूहिक शेतीत घालण्यापेक्षा कापून खाल्लेली बरी म्हणून लोकांनी गुरं मारलेली, त्यामुळे नांगरायला जनावर नाही, पीक उतरलेलं. कोटा मात्र कायम. तो भरला नाही तर अर्थ एकच काढला जायचा: शेतकरी धान्य लपवतोय, म्हणजे तो शत्रू आहे. पथकं घरोघर फिरून जमीन उकरून पाहायची. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने सामूहिक शेतातलं धान्य उचलणं हा मृत्युदंडाचा गुन्हा झाला, सवलत मिळाली तर दहा वर्षांची कैद. लोक त्याला कणसांचा कायदा म्हणत, कारण कापणीनंतर पडलेली कणसं वेचणारेही त्यात सापडायचे. कोटा चुकवणाऱ्या गावांची नावं काळ्या फळ्यावर लागायची आणि तिथल्या दुकानात मीठ, काड्यापेट्या, रॉकेल येणं बंद व्हायचं. आणि २२ जानेवारी १९३३ रोजी हुकूम निघाला की युक्रेन आणि शेजारच्या कुबान भागातल्या शेतकऱ्यांना धान्य शोधत बाहेर जाऊ द्यायचं नाही. रेल्वेची तिकिटं बंद झाली, रस्त्यात धरलेल्यांना माघारी धाडलं गेलं.

एकट्या युक्रेनमध्ये पस्तीस ते पन्नास लाख माणसं मेली असा अंदाज आहे. कझाकस्तानात मेंढ्या-घोडे घेऊन फिरणाऱ्या लोकांना बळजबरीने एका जागी बसवलं, त्यांची जनावरं गेली आणि तिथे सुमारे पंधरा लाख मेले. कझाक समाजाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग संपला. आणि त्याच १९३२ साली सोव्हिएत संघातून सतरा लाख टनांच्या आसपास धान्य परदेशी गेलं.

आता चीन. हा भाग आपल्याला, भात लावणाऱ्यांना, जास्त चटकन कळेल.

१९५८ साली माओने 'मोठी झेप' जाहीर केली. थोड्या वर्षांत पोलादात ब्रिटनला मागे टाकायचं होतं. गावागावांचे कम्यून झाले, घरच्या चुली बंद होऊन सामुदायिक भोजनगृहं आली. घरातल्या कढया, बिजागऱ्या, खिळे परसातल्या भट्ट्यांत वितळवले आणि त्यातून निघालेलं लोखंड बहुतेक ठिकाणी निरुपयोगी ठरलं. शेतीत हुकूम आला दाट लावणीचा. एकाच जातीची रोपं एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, ती एकमेकांना साथ देतात, असं त्यामागचं तत्त्व होतं. माणसांच्या वर्गाबद्दलचं सूत्र उचलून रोपांना लावलेलं! आवणाला वाकलेल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं की चूड दाट पडली तर फुटवे येत नाहीत आणि रोप पिवळं पडून कुजतं. चीनच्या शेतकऱ्यांनाही ते ठाऊक होतंच, पण बोलणारा 'उजवा', म्हणजे क्रांतीचा विरोधक, ठरत होता. आदल्याच वर्षी, १९५७ साली, टीका करणाऱ्या पाच लाखांहून अधिक लोकांवर हा शिक्का बसला होता.

मग आकड्यांची चढाओढ लागली. ऑगस्ट १९५८ मध्ये पक्षाच्या मुखपत्राने छापलं की हुपेई प्रांतातल्या माचंगमध्ये एका मू जमिनीत अठरा हजार किलोंहून जास्त भात निघालं. मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे. हिशेब करा: गुंठ्याला अठ्ठावीस क्विंटल. आमच्याकडे गुंठ्याला चाळीस किलो निघालं तरी माणूस समाधानाने मळणी उरकतो. छायाचित्रात मुलं उभ्या पिकावर पाय ठेवून उभी होती. निरनिराळ्या शेतांतली तयार रोपं उपटून एकाच तुकड्यात दाबून बसवलेली.

ही नुसती बढाई राहिली असती तर कोणी मेलं नसतं. जीव गेले ते वजाबाकीत. एका गावात खरं भात पिकलं शंभर खंडी. खालच्या अधिकाऱ्याने भीतीने, किंवा शाबासकीसाठी, तीनशे कळवलं. सरकारचा वाटा एक तृतीयांश, म्हणजे शंभर खंडी. गाड्या आल्या आणि शंभर खंडी घेऊन गेल्या. कागदावर गावात दोनशे खंडी शिल्लक, कणगीत एक दाणा नाही. गावाने ओरड केली तर उत्तर तयार: तुम्ही लपवलंय. घरी चूल नाही, पातेलं नाही. भोजनगृहातली पळी ज्याच्या हातात, त्याच्या मर्जीवर जीव. मागे बोललेल्याला त्या पळीतून पाणी मिळायचं. होनान प्रांतातल्या शिनयांग भागात ऐंशी लाख वस्तीपैकी दहा लाखांच्या आसपास माणसं अशी मेली, आणि त्याच भागातली सरकारी कोठारं रिकामी नव्हती.

सावरायची एक संधी आली होती. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग दह्वाय यांनी माओला पत्र लिहून हे चुकतंय असं कळवलं. स्वतः शेतकऱ्याच्या घरातला, लढायांत मुरलेला माणूस. त्यांना पदावरून काढलं, त्यांच्यासारखं बोलणाऱ्यांची देशभर शोधाशोध झाली आणि कोट्याचा फास उलट आवळला गेला. सर्वांत जास्त माणसं त्यानंतर मेली.

किती? इथे भाच्यांच्या आकड्यांकडे येते. चीनच्या या दुष्काळासाठी कोणी दीड कोटी म्हणतं, कोणी साडेचार कोटी, बरेच अभ्यासक तीन कोटींच्या आसपास येतात. एवढी तफावत पाहून 'सगळं खोटंच' म्हणणारे भेटतात. पण हे मोजमाप कसं होतं ते समजून घ्या. एखाद्या गावात दर वर्षी वीस मयतं होतात असं धरा. एका वर्षी ऐंशी झाली. तर साठ जादा. हे 'जादा मृत्यू' देशभर जोडायचे. अडचण अशी की ज्या वर्षी माणसं पटापट मरतात त्या वर्षी नोंद ठेवणाराही मरतो, पळतो किंवा खोटं लिहितो. शिवाय नेहमीचे वीस धरायचे की पंचवीस, यावरही बेरीज लाखोंनी हलते. उपासमारीत बायकांची पाळी थांबते, मुलं जन्मतच नाहीत. ती मेलेल्यांत धरायची का? काही बेरजांत ती शिरतात, काहींत नाहीत. म्हणून एखादा आकडा दिसला की आधी विचारावं, यात कोण कोण मोजलंय.

आणि कधी मोजणाऱ्यालाच उडवतात. सोव्हिएत संघाची १९३७ ची जनगणना सोळा कोटी वीस लाखांवर थांबली. सरकारला कितीतरी जास्त हवे होते. गहाळ माणसं कुठे गेली हे विचारण्याऐवजी जनगणना रद्द केली आणि अधिकाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या.

कंबोडियाचं थोडक्यात सांगते. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नोम पेन्ह घेतली आणि इस्पितळातल्या रुग्णांसकट सगळं शहर खेड्यांकडे हाकलून रिकामं केलं. शहरातून आलेले ते 'नवे लोक', अर्थात संशयित. त्यांना ऐकवलं जाणारं वाक्य वाचलेल्यांनी सांगून ठेवलं आहे: तुला ठेवून फायदा नाही, तू गेलास तर तोटा नाही. आणि पुन्हा भातच. हेक्टरी तीन टन पिकलंच पाहिजे असा फर्मान. म्हणजे गुंठ्याला तीस किलो; आज आपल्याला मामुली वाटेल, पण लढाईने उद्ध्वस्त झालेल्या, पूर्वी हेक्टरी टनभर पिकवणाऱ्या देशात ते अशक्य होतं. वजाबाकी तीच झाली. चार वर्षं पुरी व्हायच्या आत, ऐंशी लाखांहून कमी लोकसंख्येतून पंधरा ते वीस लाख माणसं गेली.

इथवर वाचून पुण्याचा भाचा खूश होईल, म्हणून आता दुसरी बाजू, आणि तीही तितक्याच गांभीर्याने.

इंडोनेशियातही भात लावतात, तिथेही कुळं होती, तिथेही कम्युनिस्ट पक्ष कसणाऱ्यांसाठी जमीन मागत होता. १ ऑक्टोबर १९६५ च्या पहाटे एका बंडात सहा सेनापती मारले गेले. लष्कराने सगळा दोष त्या पक्षावर ठेवला आणि पुढच्या काही महिन्यांत जावा, बाली, सुमात्रामध्ये निदान पाच लाख माणसं कापली गेली. बहुतेकांचा बंडाशी काडीचा संबंध नव्हता. कोणी शेतकरी संघटनेची पावती फाडली होती, कोणी शाळेत शिकवत होतं, कोणी गाण्याच्या पथकात होतं. याद्या निघाल्या, रात्री दार वाजलं, आणि पुष्कळदा दाराशी शेजारीच असायचा. नद्यांतून प्रेतं वाहिली. जे तुरुंगातून सुटले त्यांच्या ओळखपत्रावर पुढे खूण असायची आणि त्यांच्या मुलांनाही सरकारी नोकरी नाकारली जायची. इथे 'कुलक' नव्हता, 'कम्युनिस्ट' होता. शब्द बदलला, शिक्का तसाच पिढीजात. हे वाचते तेव्हा मला चरीची सभा आठवते. तिथे जमलेले आमचे लोक जावातल्या एखाद्या गावात असते तर त्या यादीत असते.

आणि बंगाल, १९४३. जपानी येतील या भीतीने ब्रिटिश सरकारने किनाऱ्यावरच्या हजारो होड्या जप्त केल्या, मोडल्या. ज्याच्या दारात होडी आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही: होडी गेली म्हणजे मासळी गेली, बाजार गेला, पलीकडच्या काठावरचं शेत गेलं. तांदूळ महागला, लष्कराला आणि कलकत्त्याला आधी मिळाला, आणि सुमारे तीस लाख माणसं मेली. साम्राज्य टिकलं पाहिजे हाही एक विचारच होता.

तो दुष्काळ लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले अमर्त्य सेन पुढे अर्थशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात दुष्काळाने मोठ्या संख्येने माणसं मरत नाहीत. धान्य तिथे जास्त असतं असं नाही. ओरड वरपर्यंत पोचते आणि सत्ता जाण्याची भीती असते, एवढंच. बंगालमध्येही ऑगस्ट १९४३ मध्ये 'स्टेट्समन'ने रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रं छापली तेव्हा कुठे हालचाल झाली. युक्रेनमधली उपासमार गॅरेथ जोन्स नावाच्या वेल्श पत्रकाराने मार्च १९३३ मध्ये जगापुढे मांडली, तर मॉस्कोत बसलेल्या नावाजलेल्या परदेशी पत्रकारांनीच त्याला खोटं पाडलं.

हे मनात ठेवून चरीकडे पाहिलं की संपाचा आणखी एक पदर दिसतो. परकं सरकार होतं, सभाबंदी झाली, खटले झाले. तरी डॉ. आंबेडकर १९३४ साली चरीला येऊन बोलू शकले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन धरून कुळं मालक झाली. केवढा उशीर! दोन पिढ्या त्यात झिजल्या. रशियाने हे एका रात्रीत केलं असं बाबा अभिमानाने म्हणायचे.

आपल्याकडे सगळं स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. गांधीजींच्या खुनानंतर महाराष्ट्रात आडनाव पाहून घरं जाळली गेली. १९७० साली लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि गिरणगावात त्या वेळी एकमेकांसमोर उभी असलेली दोन्हीकडची पोरं मुख्यतः आपल्या रत्नागिरी-कुलाब्याचीच होती. शिवाय रोजच्या कुपोषणाने हळूहळू मरणारी मुलं दुष्काळाच्या मथळ्यात येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी सरकारं पडत नाहीत. ते दुःख सेन यांनीही सांगितलं आहे.

संपाच्या चौथ्या की पाचव्या वर्षी खोताच्या घरची म्हातारी गेली. आजोबा तिच्या मयताला गेले. परत आल्यावर सोबत्यांपैकी एकाने जाब विचारला, तर आजोबा म्हणाले, "खंड दिला नाही. खांदा दिला." त्यावरून दोन दिवस अबोला होता म्हणे, मग मिटलं.

आमच्या घरी 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक यायचं. त्याच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं आमच्या पुस्तकांना घातलेली असत. चौथीच्या माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर गव्हाचं पिवळंधमक शेत आणि हसणारी एक बाई होती. खाली युक्रेन असं लिहिलेलं. सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथली दप्तरं उघडली, त्यावर मी वाचत गेले आणि एका दुपारी धीर करून बाबांना १९३३ ची हकीकत वाचून दाखवली. त्यांचा जन्म संपातला, निवट्यांच्या कालवणावर वाढलेला जीव. वाद घालतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले.

मग म्हणाले, "बाय, आम्हाला खाडी होती. त्यांना काहीच नव्हतं?"

मी त्यांना २२ जानेवारीच्या हुकुमाचं पान काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि ते स्वतः वाचलं, दोनदा.